मशीन घरात येतं, सेटिंगचा कागद मात्र येत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या करता येणाऱ्या धंद्यांवर एक पान आलं होतं. त्यात छोट्या सीएनसी मशीनबद्दल, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या कोरायच्या मशीनबद्दल, चार ओळी होत्या, की लाकडावर नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, ट्रॉफ्या असं सगळं घरातल्या टेबलावर कोरता येतं. ते खरं आहे, मी स्वतः असं मशीन रोज चालवतो म्हणून सांगतो. पण ते पान आल्यावर पंधरा दिवसात आमच्या शेडमध्ये तीन जण येऊन गेले, तिघांकडंही मशीन आधीपासून होतं आणि तिघांचंही कित्येक महिने कापड टाकून बंद पडलेलं, पान वाचून पुन्हा उमेद आली म्हणून धूळ झटकून घेऊन आले. एका वहिनींनी तर बचतगटाचं कर्ज काढून घेतलेलं, हप्ता चालू आणि मशीन बंद. साहेब, तिन्ही मशीनमध्ये एकही पार्ट खराब नव्हता. मोटारी चांगल्या, स्क्रू चांगला, स्पिंडल म्हणजे कोरायचं टूल फिरवणारी मोटर, तोही चांगला. अडलं होतं ते सगळं कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये, दोन-चार आकड्यात आणि एखाद्या चुकीच्या पिनवर लावलेल्या वायरीत. आणि हे समजावून सांगणारं मराठीत काही म्हणजे काही मिळत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, पण जमेल तेवढं छापा ही विनंती.

मी पॅटर्न मेकर. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आमचं शेड आहे, वडलांच्या वेळचं. ज्यांना ही लाइन माहीत नाही त्यांच्यासाठी, फौंड्रीत बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो साचा उठवतात त्यासाठी लाकडी नमुना लागतो, तो आम्ही करतो. बीड थंड होताना शेकडा एकच्या आसपास आटतं, म्हणून २४० मिलिमीटरचं माप आम्ही लाकडात २४२.४ धरतो. आमची पट्टीसुद्धा वेगळी असते, श्रिंकेज पट्टी, तिच्यावरचा मिलिमीटर मुळातच जरा मोठा. हे सगळं आयुष्यभर रंधा आणि पटाशीवर केलं आणि २०१९ साली एक छोटं सीएनसी राउटर घेतलं. त्याच्या तीन मोटारी नेमा २३ साइझच्या, १६०५ बॉल स्क्रू म्हणजे १६ मिलिमीटर जाड आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा, टीबी ६६०० ड्रायव्हर म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या पेट्या, आणि हे सगळं हलवणारा मेंदू म्हणजे तळहाताएवढा अर्डुइनो उनो बोर्ड, त्यात ग्रबल नावाचं सॉफ्टवेअर.

या ग्रबलबद्दल आधी दोन शब्द, कारण ते वापरणाऱ्यांनाच माहीत नसतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ते २००९ साली सुरू केलं, पुढं सनी जिऑन यांनी ते कित्येक वर्षं सांभाळलं, वाढवलं, आणि जगाला फुकट दिलं, कोड सकट. अर्डुइनोच्या त्या चिपमध्ये सगळी मिळून ३२ किलोबाइट जागा, मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही, आणि तेवढ्यात ते तीन मोटारी एकाच वेळी सेकंदाला ३० हजार स्टेपपर्यंत (स्टेप म्हणजे मोटरचं एक बारीक पाऊल) चालवतं, गोल काढतं, कोपऱ्यावर वेग कमी करतं. मला याचं आजही नवल वाटतं. लॅपटॉपवर जे चालतं, युनिव्हर्सल जीकोड सेंडर म्हणा, कँडल म्हणा, ते फक्त जीकोडची, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची, एकेक ओळ वाचून खाली पाठवणारं, हलवायचं खरं काम खालचा बोर्ड करतो. हा फरक समजला की निम्मी शोधाशोध वाचते, कारण लॅपटॉप बदलून बघ, सॉफ्टवेअर काढून परत टाक, यात लोक आठवडे घालवतात आणि घोळ असतो बोर्डाच्या आत साठवलेल्या आकड्यात.

पहिल्यांदा अडतं ते जोडतानाच. स्वस्तातल्या अर्डुइनोवर यूएसबीसाठी सीएच ३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर (इथं ती चिप ओळखणारं सॉफ्टवेअर) विंडोजमध्ये नसेल तर बोर्ड दिसतच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं. तो टाकला की कॉम पोर्टचा नंबर मिळतो, तो निवडायचा, स्पीड ११५२०० ठेवायचा. स्पीड चुकला तर स्क्रीनवर वेडीवाकडी अक्षरं येतात, बरोबर असेल तर ग्रबल आपलं नाव आणि १.१ असा व्हर्जन नंबर सांगतं. आणि एक, पोर्ट एका वेळी एकच सॉफ्टवेअर धरू शकतं, पाठीमागं अर्डुइनोचा सिरियल मॉनिटर उघडा राहिला असेल तर सेंडर कितीही वेळा कनेक्ट दाबा, होत नाही. शेडमध्ये आलेल्या तिघांपैकी एकाचं, कागलच्या पोराचं, एवढंच होतं हो, सहा महिने मशीन बंद आणि कारण एक उघडी राहिलेली खिडकी!

जोडलं की पुढं अलार्म. मशीनला होमिंग, म्हणजे सुरवातीला टोकाच्या स्विचपर्यंत जाऊन आपली जागा ओळखणं, चालू असेल तर ग्रबल सुरू झाल्या झाल्या स्वतःला कुलूप लावून घेतं, आणि तुम्ही काहीही हुकूम द्या, एरर ९ म्हणून नकार देतं. हा बिघाड नाही, मशीनला आपण टेबलावर कुठं आहोत हे माहीत नाही एवढंच ते सांगतंय. डॉलर चिन्ह आणि एच पाठवलं की ते घरी जाऊन येतं आणि कुलूप निघतं. डॉलर एक्सनं नुसतं कुलूप निघतं, घरी जात नाही, म्हणून ते अडचणीपुरतंच वापरावं. पण घरी जाताना आमचं काय झालं ते सांगतो, कारण ही चूक मी अजून चार मशीनवर बघितली आहे.

होमिंगला ग्रबल आधी झेड उचलतं, म्हणजे स्पिंडल वर जातो, वरच्या स्विचला टेकला की थांबायचं. आमचा टेकला आणि थांबलाच नाही. स्विच दाबला जातोय, त्याचा टक् आवाज ऐकू येतोय, आणि मोटर घर्र घर्र करत वरच्या प्लेटवर रेटतेय, मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. दुसऱ्यांदा तेच. स्विच बदलला, तेच. वायर बदलली, तरी तेच. ज्याच्याकडून मशीन घेतलं तो फोनवर म्हणाला होमिंग बंद करा, त्याची काही गरज नाही. चार दिवस गेले यात. शेवटी पोरगा म्हणाला, बाबा, बोटानं स्विच दाबून धरा आणि मी बोर्डाला विचारतो. ग्रबलला नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं की ते आपली अवस्था सांगतं, आणि कुठला स्विच दाबलेला असेल तर त्या ओळीत पीएन असं लिहून पुढं त्याचं अक्षर देतं. एक्सचा (डावी-उजवीकडचा) दाबला, एक्स आलं. वायचा (पुढं-मागचा) दाबला, वाय आलं. झेडचा दाबला तर काहीच नाही. म्हणजे वायर बोर्डापर्यंत पोचतेय पण बोर्ड तिथं बघतच नाहीये.

कारण असं. अर्डुइनोवर जी सीएनसी शील्ड म्हणजे वायरी जोडायची पाटी बसवतात, ती तीन नंबरची लाल पाटी बाजारात सगळीकडं मिळते, ती ग्रबलच्या जुन्या ०.८ व्हर्जनच्या वेळी आखलेली. तेव्हा झेडचा लिमिट स्विच, म्हणजे तो टोकाचा स्विच, ११ नंबर पिनवर होता आणि स्पिंडल १२ वर. पुढच्या व्हर्जनला स्पिंडलचा वेग कमीजास्त करता यावा म्हणून त्या दोन पिनांची अदलाबदल केली, कारण वेगासाठी लागणारा सिग्नल ११ वरूनच निघतो. सॉफ्टवेअर बदललं, पाटीवरची छपाई तीच राहिली. त्यामुळं पाटीवर जिथं झेड लिहिलंय तिथं झेडचा स्विच लावला की तो चुकीचा, तो लावायचा जिथं स्पिंडल एनेबल लिहिलंय तिथं. एक वायर उचलून शेजारच्या पिनवर टाकली आणि मशीन पहिल्या झटक्यात घरी जाऊन उभं राहिलं. पोराच्या डोळ्यात पाणी आलं होतं त्या दिवशी, दहावीतला पोरगा. हे वाक्य मशीनबरोबर एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं तर विकणाऱ्याचं काय गेलं असतं?

आता आकड्यांचं. बोर्डाला दोन डॉलर चिन्हं पाठवली की तो आपली सगळी सेटिंग ओळीनं छापतो. त्यात $१००, $१०१, $१०२ या तीन ओळी म्हणजे एक्स, वाय, झेड एक मिलिमीटर हलायला मोटरला किती स्टेप द्यायच्या ते. हे हिशोबानं निघतं, अंदाजानं नाही. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप, ड्रायव्हरवर मायक्रोस्टेप ८, म्हणजे एका स्टेपचे आठ तुकडे, ठेवला तर १६००, स्क्रू एका फेऱ्याला ५ मिलिमीटर, म्हणून १६०० भागिले ५ म्हणजे ३२०. ती ३०१८ नावाची छोटी मशीनं मिळतात त्यांचा स्क्रू ४ मिलिमीटरचा आणि मायक्रोस्टेप १६, म्हणून तिथं ८०० येतं. मशीन नेमकं दुप्पट किंवा निम्मं हलत असेल तर ड्रायव्हरवरचा एखादा बारीक डिप स्विच चुकीचा आहे, दुसरीकडं कुठं बघू नका.

पण दुप्पट-निम्मं ही चूक डोळ्याला दिसते, थोडीशी चूक दिसत नाही आणि तीच घात करते. मशीन बसवून चार महिने झाले होते, एका पंपाच्या केसिंगचा पॅटर्न केला, बाहेरून गोल, ड्रॉइंगला २४०, श्रिंकेज धरून २४२.४. फौंड्रीतून फोन आला की माप जास्त येतंय. मी पोरावर ओरडलो, म्हटलं तू संगणकात एकदा श्रिंकेज धरलंस आणि मी परत सांगितलं म्हणून दुसऱ्यांदा धरलंस, कारण फरक साधारण शेकडा एकचाच होता. तो म्हणाला नाही हो बाबा, बघा तरी. पॅटर्न परत आणला, व्हर्नियर लावला. एका बाजूनं २४२.४ बरोबर. नव्वद अंशात फिरवून लावला तर २४४.७. गोल नव्हताच तो, अंडाकृती होता, नुसत्या डोळ्यांना कळत नव्हतं एवढंच. श्रिंकेज दोनदा धरलं असतं तर दोन्हीकडं सारखं वाढलं असतं. पोरानं सेटिंग छापून घेतली, $१०१ ला ३२०, $१०२ ला ३२०, आणि $१०० ला ३२३.

हे ३२३ आलं कुठून ते मला नंतर उमगलं. मशीन बसवायला जो माणूस आला होता त्यानं एक्सला १०० मिलिमीटर हलवून स्टीलची पट्टी लावली, ९९ भरले, त्यानं त्रैराशिक केलं आणि आकडा वाढवून ठेवला. पण ९९ भरत होते कारण मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलरचा बारीक स्क्रू ढिला होता, दिशा बदलली की मोटर थोडी नुसतीच फिरायची. पुढं साफसफाई करताना मी तो स्क्रू दिसला म्हणून घट्ट केला, माझ्या मते चांगलंच काम केलं, आणि त्या दिवसापासून एक्स जास्त हलायला लागला. लोखंडातला दोष सॉफ्टवेअरच्या आकड्यानं झाकला की असं होतं. बॉल स्क्रू असेल तर हिशोबाचा आकडा टाका आणि त्याला हात लावू नका. मापात कमी आलं तर आधी कपलर बघा, नट बघा, बेअरिंग बघा. एकाच दिशेनं दोनदा हलवून मोजा, मग उलट दिशेनं हलवून मोजा, दोन्हीत फरक येत असेल तर ती ढिलाई आहे, स्टेपचा आकडा नाही. तो पॅटर्न मी पुन्हा करून दिला, पदरचं सागवान घालून, आणि पोराची माफी मागितली.

मोटर किंचाळते आणि जागेवरच राहते, किंवा काम निम्म्यावर आल्यावर डिझाइन एका बाजूला सरकतं, ही तक्रारसुद्धा लई जण घेऊन येतात. बहुतेक वेळा वेग आणि वेग पकडायची घाई जास्त ठेवलेली असते, $११० पासूनचे आणि $१२० पासूनचे आकडे. कुणाच्या तरी व्हिडिओत बघून ५००० टाकतात, तो व्हिडिओ बेल्टवाल्या हलक्या मशीनचा असतो आणि आपला गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारी कमान, वीस किलोचा. निम्म्यावर आणा आणि हळूहळू वाढवत जा, जिथं आवाज बदलतो त्याच्या बरंच खाली थांबा.

आता एक विषय असा आहे जो परदेशातल्या व्हिडिओत थोडक्यात उरकतात आणि आमच्याकडं त्यानंच सगळ्यात जास्त छळलं, ते म्हणजे अर्थिंग आणि विजेचा गोंगाट. स्पिंडल चालू केला की अलार्म १ येतो, मशीन मधेच थांबतं. अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला. पण कुणीच दाबलेला नसतो. स्विचच्या वायरी स्पिंडलच्या वायरीला चिकटून एकाच पट्टीत बांधलेल्या असतात, त्यात उडणारा आवाज बोर्डाला स्विच दाबल्यासारखा वाटतो. यावर सगळीकडं एकच सल्ला मिळतो, हार्ड लिमिट बंद करा, $२१ ला शून्य टाका. माझी हात जोडून विनंती आहे की तसं करू नका. तो स्विच मशीन स्वतःला आपटू नये म्हणून आहे. वायरी वेगळ्या करा, स्विचला शील्डवाली केबल वापरा आणि तिची जाळी फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थला जोडा, दोन्ही टोकांना नको. बोर्डाजवळ स्विचच्या पिनला आणि ग्राउंडला मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, दोन रुपयाची वस्तू आहे. स्विच नेहमी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा असा लावला आणि $५ ला १ टाकला तर गोंगाट कमी लागतो, शिवाय वायर तुटली तर मशीन लगेच अलार्म देतं, गुपचूप पुढं जात नाही. आणि अलार्म १ आला की नुसतं कुलूप काढून पुढं चालू करू नका, परत होमिंग घ्या, कारण एकदम थांबल्यामुळं त्याची जागा चुकलेली असते.

आमच्या शेडचं अर्थिंग वडलांच्या वेळचं, प्लेट गंजून गेलेली, वायरमनला बोलावून नवीन केलं आणि निम्मे अलार्म त्याच दिवशी गेले. राहिलेले कशानं येतात ते कळेना, तर भुसा ओढायच्या व्हॅक्यूमचा प्लास्टिकचा पाइप हाताला झटका द्यायचा, कोरड्या थंडीत जास्तच, आणि तो झटका यूएसबीतून लॅपटॉपपर्यंत जाऊन कनेक्शन तुटायचं. पाइपाला तांब्याची उघडी तार गुंडाळून अर्थला जोडली. केबल तीन मीटरची होती ती दीड मीटरची आणली. लॅपटॉप झोपू नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद केलं, यूएसबीची वीज वाचवायची सोयही बंद केली. आता आठ-आठ तासाचं काम सुरळीत चालतं.

लाइट जाणं हा आपल्याकडचा नेहमीचाच भाग. काम निम्मं झालं आणि लाइट गेली तर लोक फळी फेकून देतात, तशी गरज नसते. कामाची शून्य जागा जर जी ५४ (G54) या हुकमाखाली साठवलेली असेल तर ती बोर्डाच्या कायमच्या मेमरीत राहते, लाइट आली की होमिंग घ्यायचं, तीच जागा परत मिळते. काही सॉफ्टवेअरचं शून्य करायचं बटण मात्र जी ९२ वापरतं, ते लाइट गेली की पुसलं जातं, आपलं बटण कुठलं वापरतं ते एकदा बघून ठेवा. मग फाइलमध्ये चार-पाच ओळी मागं जाऊन तिथून चालू करायचं, पण त्याआधी वरच्या सुरवातीच्या ओळी, मिलिमीटरची जी २१, मापं शून्यापासून धरायची जी ९०, स्पिंडल चालू, वेग, या परत द्यायच्या आणि झेड आधी वर उचलून घ्यायचा. ज्यांनी होमिंग काढून टाकलंय त्यांना यातलं काही करता येत नाही, म्हणून तो फोनवरचा सल्ला मला इतका लागला.

बचतगटवाल्या वहिनींचं दुखणं वेगळंच होतं. त्यांनी दहा इंची नावाची पाटी कोरायला लावली आणि पाटीच्या कोपऱ्यात दहा मिलिमीटरचा एक ठिपका कोरला गेला. परत केलं, परत तेच. त्यांना वाटलं मशीनच लहान कामाचं आहे, आपल्याला फसवलं. डिझाइन इंचात काढलेलं, फाइलमध्ये इंच का मिलिमीटर हे सांगणारी ओळच नव्हती, आणि ओळ नसली की ग्रबल मिलिमीटर धरतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्ट प्रोसेसर म्हणून एक निवड असते, म्हणजे कुठल्या मशीनच्या बोलीत फाइल लिहायची ते, तिथं ग्रबल आणि मिलिमीटर निवडलं आणि पाटी बरोबर दहा इंच आली. दुसऱ्याच मशीनची बोली निवडली तर एरर २० येतो, कारण टूल बदलायचा एम ६ किंवा ड्रिलिंगचा जी ८१ ग्रबलला कळतच नाही. आणि फाइलच्या शेवटी जी २८, म्हणजे साठवलेल्या ठिकाणी परत जा हा हुकूम, आहे का बघा, होमिंग नसलेल्या मशीनवर ती ओळ स्पिंडलला कुठंही ओढत नेते, तयार झालेल्या कामावरून सुद्धा. पाटीवर "सौभाग्य निवास" उमटत गेलं तसतशा वहिनी मशीनशेजारी उभ्या राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या.

मोठं मशीन घ्यायचा विचार असेल तर मॅक थ्री आणि लिनक्ससीएनसी या संगणकावरून मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं कानावर येतात. मॅक थ्री फुकटात ५०० ओळींपर्यंतच चालतं, पुढं लायसन्स घ्यावं लागतं, पण आपल्याकडं कुलूप तोडलेली कॉपी पेनड्राइव्हमध्ये टाकून सर्रास देतात आणि ती मधेच बंद पडली की विचारायचं कुणाला. शिवाय पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या खाचेवर) ते जुन्या ३२ बिट विंडोजवरच चालतं, आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. लिनक्ससीएनसी फुकट आणि सरळ मार्गाचं, अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत सुरू झालेल्या कामातून आलेलं, जुना डेस्कटॉप त्याला चालतो. फक्त आधी त्यातली लेटन्सी टेस्ट, म्हणजे संगणक हुकमाला किती उशीर लावतो त्याची चाचणी, लावून संगणकावर इतर कामं करत बघायची, जास्तीत जास्त आकडा १५ ते २० हजार नॅनोसेकंदात राहिला तर उत्तम, लाखाच्या वर गेला तर तो संगणक या कामाचा नाही. माझ्या मते नवख्या माणसानं ग्रबलनंच सुरवात करावी.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. मशीन विकणाऱ्यांना माझं सांगणं आहे की मशीन पाठवताना त्या मशीनची सेटिंगची यादी छापून द्या, ए फोरचा एक कागद पुरतो, ग्राहकाकडून काही बिघडलं तर तो ते आकडे परत टाकू शकेल. ग्राहकांनो, तो कागद मिळाल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्टच्या पोरांना सीएनसी शिकवतात, मोठ्या कंट्रोलवर, ते लागतंच, पण त्याबरोबर एक अर्डुइनो, एक शील्ड आणि तीन छोट्या मोटारी टेबलावर मांडून ग्रबलसुद्धा शिकवावं. एका चांगल्या व्हर्नियरच्या पैशात ते सामान येतं, आणि कंट्रोलच्या पोटात काय चालतं हे पोराला उघड्या डोळ्यांनी दिसतं, मोठ्या मशीनवर ते कधीच दिसत नाही.

आणि संपादक साहेब, आपल्याकडं एक मागणं आहे. पुरवणीत आठवड्याला एक छोटी चौकट द्या. एक अलार्म किंवा एक एरर, त्याचा मराठीत अर्थ, आणि काय बघायचं ते. ग्रबलमध्ये अलार्म मोजके आहेत आणि एरर चाळीसच्या आत-बाहेर, वर्षभरात सगळे होतील. मूळ सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं आहे, त्याबद्दल आपल्या भाषेत लिहायला कुणाची परवानगी काढायची नाही. मजकूर मी आणि पोरगा लिहून देऊ, तो आता डिप्लोमाला आहे, त्याची वही भरलेली आहे. पैसे नकोत. इंग्रजी येत नाही म्हणून मशीनवर कापड टाकून ठेवणारी माणसं मी बघतोय, हाताला कसब असलेली माणसं आहेत ती, सुतार आहेत, चांदीकाम करणारी आहेत, मूर्तीचे साचे करणारी आहेत.

आमच्या मशीनच्या पॅनेलचं दार उघडलं की आतून तो सेटिंगचा कागद चिकटवलेला आहे, $१०० च्या ओळीवर ३२३ खोडून ३२० लिहिलंय, खाली तारीख आहे. झेडच्या स्विचची वायर कुठं लावायची तेसुद्धा लाल पेनानं काढून ठेवलंय. कुणाला फोटो काढून न्यायचा असेल तर दुपारी जेवणाची वेळ सोडून कधीही या.

आपला नम्र,
एक पॅटर्न मेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर